जिन्यातली पाटी

खोली बघायला गेले तेव्हा आमच्या घरमालकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी दारात चपला काढून उभी, खांद्याला ऑफिसची पिशवी, चेहऱ्यावर होऊ घातलेल्या भाडेकरूला शोभेल असं गरीब हसू. आणि हे गृहस्थ माझ्याकडे पाठ करून, पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज जरा उतार हाय."

"कुणाला बरं नाही का?" मी काळजीनं विचारलं.

"भिंतीला. काल लई ताप होता."

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण सोलापुरात घर बघताना माणूस आधी पाणी विचारतो, मग बाकीचं. यांची टाकी मोठी होती, नळ जिन्याखालीच होता, म्हणून मी भवानी पेठेतल्या त्या इमारतीची वरच्या मजल्यावरची खोली घेतली. घरमालकाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे टाकीपुढे मला गौण वाटलं.

आम्ही सगळे त्यांना मालक म्हणायचो आणि ते आम्हालाही मालकच म्हणायचे. सोलापुरात तशी रीतच आहे, रिक्षावालासुद्धा गिऱ्हाइकाला मालक म्हणतो. बायकांना मात्र ते ताई म्हणायचे आणि वयस्कर बाईला अक्का, कारण घरातली त्यांची भाषा तेलुगू. चिडायचे मात्र मराठीत. आम्हाला नीट समजावं, एवढाच त्यातला हेतू.

आणि चिडायला कारणं भरपूर होती. जिन्याच्या तोंडाशी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलेला होता. उन्हाळा सुरू झाला की रोज सकाळी आठ वाजता त्यावर हातोडीचे तीन टोले पडायचे. म्हणजे खिडक्या लावा, पडदे ओढा. संध्याकाळी सात वाजता पुन्हा तीन. म्हणजे उघडा. मधल्या वेळात कुणाची खिडकी उघडी दिसली की ते गल्लीत उभं राहून आरोळी ठोकायचे, "मधल्या मजल्याचे मालक, ऊन पाव्हणं आलंय काय तुमच्याकडं? चहा पण द्या की मग!"

रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर दारात येऊन अगदी हळू आवाजात विचारायचे, "खुर्चीला घाम फुटलाय का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. मी एकदा "हो" म्हणून पाहिलं. ते आत आले, खुर्चीला हात लावून बघितला, पंखा बंद केला आणि निघून गेले.

लग्नपत्रिका आली की दुसरी माणसं मुहूर्त बघतात, हे कागदाची जाडी बघायचे. जाड पत्रिका असली की खूष. ती घेऊन भाडेकरूंच्या घरोघर जायचे, फ्रिजच्या दारात अडकवायचे, दार लावायचे आणि ओढायचे. पत्रिका घट्ट बसली तर फ्रिजचं रबर चांगलं. सहज निघाली तर थंडावा बाहेर गळतोय, रबर बदला. एकदा वरपक्षाची माणसं खाली त्यांच्या ओसरीवर बसलेली असतानाच यांना धीर निघाला नाही. पत्रिका हातात पडताच उठले आणि मधल्या मजल्यावर जाऊन तिथून ओरडले, "सुटली! एका झटक्यात सुटली!" नवऱ्या मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. मग मला त्यांना समजावून सांगावं लागलं, की हे फ्रिजचं चाललंय.

आणि ती पाटी. जिन्याच्या पहिल्या वळणावर एक शाळेतली काळी पाटी खिळ्याला लावलेली असायची. तीवर तीन ओळी: खाली, मधला, वरचा. रोज दुपारी तीन वाजता ते प्रत्येक मजल्यावर जाऊन उष्णता मोजायचे आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा लिहायचे. घरात कोण आहे, कोण नाही, याच्याशी आकड्याला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या आधी वरची खोली तीन महिने रिकामी होती, तरी रोज कुलूप उघडून, आकडा घेऊन, कुलूप लावून खाली यायचे म्हणे. मधल्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही आलात म्हणून त्यांना काही फरक पडला नाही हो. फक्त कुलपाचा त्रास वाचला."

मोजायचं साधन त्यांच्या काखेत असायचं, लोक छत्री घेऊन फिरतात तसं. हातभर लाकडी फळी, तीवर दोन थर्मामीटर. एक उघडा, दुसऱ्याचं टोक ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. दोन्ही आकड्यांतला फरक पाहिला की हवेत ओल किती ते कळतं. ही फळी गिरणीतली. तरुणपणापासून ते कापडगिरणीत होते आणि विणकामाच्या शेडमधली हवा सांभाळणं हे त्यांचं काम. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. म्हणून शेडमध्ये छताला पाण्याचे फवारे, झरोके बंद, दारं बंद, आणि हे फळी बघत फिरणार. गिरणी कायमची बंद पडली तेव्हा कुणी आठवण म्हणून घड्याळ आणलं, कुणी खुर्ची आणली. यांनी फळी आणली. "तीस वर्षं माझ्या शेडमध्ये हवेपायी धागा तुटला न्हाय," हे वाक्य त्यांनी मला पहिल्या महिन्यात निदान वीस वेळा ऐकवलं असेल. मी दर वेळी "वा" म्हणायची.

तर असा हा माणूस. दोन वर्षं मी त्याला हसत काढली. तिसऱ्या वर्षी आई आली.

आई आमच्या गावी, उजनीच्या पाण्याकाठी एकटी राहायची. मी एकुलती एक. तिला दमा. त्या हिवाळ्यात तिला एकदा असा दम लागला की शेजाऱ्यांनी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याला नेलं. पोचली, हे नशीब. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, की हिला आता दवाखान्यापासून लांब ठेवू नका. मी तिला घेऊन आले. आणि एप्रिल उजाडला.

आमच्या खोलीत दुपारी पाऊल ठेवलं की भाकरी तव्यावर काय सोसत असेल ते कळायचं. वर स्लॅब, पश्चिमेला एका विटेची भिंत. मी दिवसभर ऑफिसात, आई त्या खोलीत. चौथ्या दिवशी तिनं पिशवी भरली.

"मला न्हाय जमायचं हितं. तितं पाण्यावरनं वारं तरी येतं."

"तितं डॉक्टर न्हाय, आई."

"वारं आसल्यावर डॉक्टर कशाला लागतोय?"

ती गेली तर पुढच्या वेळी मोटारसायकल वेळेवर पोचेल का, हा विचार मनात आला आणि मी तडक खाली जाऊन मालकांना म्हणाले, "मला एसी बसवायचाय. भिंतीला भोक पाडायची परवानगी द्या."

ओसरीवर ते कुणाशी तरी हसत बोलत होते. एकदम गंभीर झाले. "ताई, एसी म्हंजे काय? आपल्या घरातली गरमी उचलायची आन् गल्लीत नेऊन टाकायची. कचरा टाकल्यासारखी. माझ्या इमारतीतनं न्हाय."

"मग आई जाईल."

ते फळीकडे बघत म्हणाले, "मला पंधरा दिवस द्या की. पंधरा दिवसांत अक्कांची खोली गार झाली न्हाय, तर भोक मी माझ्या हातानं पाडतो."

कबूल करते, मला बरं वाटलं. आईसाठी कुणीतरी पंधरा दिवस मागत होतं, फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर चुना लावायला चढले. मोठा कुंचा घेऊन दोन दिवस एकट्यानं दोन हात दिले. खाली आले तेव्हा मिशीपासून पायापर्यंत पांढरे, आईनं "आगं बया, कोन हाय त्ये" म्हणून दार लावून घेतलं होतं. चुन्यानं थोडा फरक पडला. पण थोड्यावर भागणारा हा माणूस नव्हे. मग खिडकीला ओली पोती आली. दाराला ओल्या चादरी आल्या. एक जुना कूलर आला, त्याच्या टाकीत ते दर तासाला पाणी ओतायचे. खिडक्या मात्र गच्च बंद, कारण "ओल बाहेर जायला नको." सहाव्या दिवशी पारा सात डिग्रीनं उतरला. त्यांनी पाटीवरचा तो आकडा तीनदा गिरवला आणि मधल्या मजल्यावरच्या बाईंना, समोरच्या टेलरला, दोन अनोळखी माणसांनासुद्धा खोली दाखवायला आणलं. माणसं आत यायची, "वा, गार हाय की" म्हणायची आणि पलंगावर बसलेल्या आईला नमस्कार करून जायची.

आई हसायची. मी विचारलं तर म्हणाली, "बरं हाय गं. म्हातारा बिचारा राबतोय." तिचा आवाज बसलेला होता, तो मला ऐकू यायला हवा होता.

नवव्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या तोंडावर वाफेचा मास्क होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बाहेर बाकावर मालक बसले होते. रिक्षातून तिला त्यांनीच आणलं होतं, अंगातला शर्ट उलटा होता. काखेत फळी होती. घाईतही ती सुटली नव्हती.

डॉक्टर बाहेर आल्या. "काय केलंत हिला? कोंदट जागेत ठेवलंत का? खोलीत ओल आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मालकांनी सवयीनं फळी पुढे धरली. आणि सवयीनंच, छाती जराशी काढून म्हणाले, "पंच्याऐंशी टक्के. सूत तुटायचं न्हाय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं आणि माझा तोल गेला. "माझी आई म्हणजे सूत नाही, मालक!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नर्स धावत आली.

ते उभेच राहिले. मग खाली बसले आणि फळी बाकावर पालथी ठेवली. आईचा दम बसायला चांगला तासभर लागला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची मंडळी त्याच शेडमध्ये होती. सुताच्या कांड्या भरायला. लई खोकायची. मला म्हनायची, झरोका जरा उघडा की. मी म्हनायचो, तू सूत बघ. एक धागा तुटत न्हाय." पालथ्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "तीस वर्षं मी सुताला काय लागतं ते बघितलं, ताई. तिथं उभ्या माणसाला काय लागतं, ते कुणी विचारलं न्हाय. मी पण न्हाय."

त्यांच्या बायकोला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. खालच्या खोलीत तिचा फोटो होता. मी रोज बघायची, पण ती कशानं गेली हे कधी विचारलं नव्हतं. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. तरी राग गेला नव्हता, हेही खरं.

आईला घरी आणलं तर वरच्या जिन्याला ते आडवे उभे. त्यांची गादी, तांब्या आणि फळी आमच्या खोलीत गेली होती. आमचं सामान खाली, त्यांच्या खोलीत आलं होतं.

"अक्का, तुमी खाली. मी वर."

"आवो मालक, तुमच्या घरात आमी कसं..."

"गार हाय बघा. डोक्यावर दोन मजले हायत." आणि मग एकदम, स्वतःलाच चिमटा काढल्यासारखं म्हणाले, "मी आजवर हितंच झोपलो की. वर एक दुपार काढली न्हाय कधी. आकडा घ्यायचो आन् खाली यायचो."

हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन वर्षं आम्हाला उन्हावर प्रवचनं देणारा हा माणूस स्वतः इमारतीतल्या सगळ्यात गार खोलीत राहत होता.

वर पहिल्या दुपारी काय झालं ते मधल्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. तीन वाजता मालक बनियनवर जिन्यात येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, ही खोली मी भाड्यानं दिलीच कशी?" दुसऱ्या दुपारी ते पाणी न मारता, फळी न बघता, नुसते पलंगावर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडीचा आवाज सुरू झाला.

पूर्वेच्या भिंतीत, छतालगत, दोन जागी विटा नव्या दिसायच्या. ते झरोके होते. इमारत बांधली तेव्हा गवंड्यानं सोडलेले आणि यांनी स्वतः बुजवलेले. शेडमध्ये झरोके बंद ठेवायची हाताला सवय, घरातही तेच केलं. आता सत्तरी ओलांडलेला हा माणूस स्टुलावर उभा राहून आपल्याच हातानं लावलेल्या विटा काढत होता. आमच्या खोलीतले काढून झाल्यावर मधल्या मजल्यावरचे काढले. शेवटी खालचे. आईच्या डोक्यावर सिमेंट पडू नये म्हणून तिला ओसरीवर बसवलं होतं, तिथून ती सूचना देत होती. "डावीकडं मारा. आवो डावीकडं! व्हय, आता कसं."

मग पश्चिमेची भिंत. तिचा ताप ते रोज तळहातानं बघायचे, पण आतून. तो येतो बाहेरून, हे त्यांना पलंगावर पडून समजलं. ओळखीच्या कारखान्यातून त्यांनी विणताना चुकलेल्या चादरी आणल्या आणि गच्चीवरून बांबूला बांधून भिंतीबाहेर सोडल्या. भिंतीपासून वीतभर लांब, मधून हवा खेळेल अशा, आणि कोरड्या. या वेळी कोरड्या. कुठे मोराला मान नव्हती, कुठे एकाच बाजूला तीन मोर. गल्लीतून जाणारा एक जण खाली थांबून विचारता झाला, "काय भाव दिल्या?" मालक वरून ओरडले, "इक्रीला न्हाय. भिंतीनं पांघरल्यात."

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कोपऱ्यात त्यांनी एसीसाठी भोक पाडून ठेवलं होतं. गोल, नीट, लाकडाचं बूच मारलेलं. "शब्द दिला होता की," ते म्हणाले. "अक्कांना लागलं तर सांगा. मी वाद घालणार न्हाय." वाद न घालण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

बूच काढायची वेळ आली नाही. जून लागता लागता आई वर आली. खोली गिरणीच्या शेडसारखी गार नव्हती. दुपारी घाम यायचाच. पण झरोक्यातून वरची तापलेली हवा निघून जायची, भिंतीला हात लावला तर चटका बसत नव्हता, आणि आई दुपारी झोपत होती. घोरत होती, खरं सांगायचं तर. मला तो आवाज ऐकून किती बरं वाटायचं ते कसं सांगू.

त्यानंतर रोज तीन वाजता मालक वर यायचे, पण फळी दाराबाहेर ठेवायचे. आधी विचारायचे, "अक्का, दम कसा हाय?" आई सविस्तर सांगायची, तिला विचारणारं माणूस मिळालं की थांबणं ठाऊक नाही. सगळं ऐकून घेतल्यावर मग ते फळी आत आणायचे. पाटीवरही तसंच उतरायला लागलं. "वरचा: अक्का बऱ्या. ३३." "मधला: ताईंना सर्दी. ३२." "खाली: गुडघा दुखतो. ३०." तो गुडघा त्यांचाच. टोले मात्र चालूच होते, आणि खुर्चीला घाम फुटला का ही चौकशीसुद्धा. माणूस काही एका उन्हाळ्यात बदलत नाही.

पुढच्या वर्षी माझी मोहोळला बदली झाली. ऑफिसजवळ घर मिळालं, दवाखाना दोन मिनिटांवर. आई निघायला तयार नव्हती. "तितं विचारणार कोन," असं म्हणत तिनं पिशवी दोनदा भरून दोनदा उपसली. निघायच्या दिवशी मालकांनी रोजच्यासारखे आठ वाजता टोले दिले आणि कुठेतरी निघून गेले. निरोपाच्या वेळी उभं राहणं त्यांना जमलं नसावं. आईला ते फार लागलं.

टेम्पो भरून झाला. आम्ही दुपारी तीनच्या सुमाराला जिना उतरत होतो. वळणावर आई थांबली. पाटी नुकतीच लिहिलेली दिसत होती, खडूची पूड अजून कठड्यावर होती. म्हणजे ते येऊन गेले होते.

"काय लिवलंय आज?" आईनं विचारलं. तिला अक्षरं जेमतेम येतात.

खाली आणि मधल्या ओळीपुढे नेहमीसारखंच होतं, माणूस आणि आकडा. तिसरी ओळ मी मनातच वाचली. आईनं मला कोपरानं ढोसलं.

"वाच की."

मी वाचलं. "वरचा: माणसं गेली. आकडा घेतला नाही."